नेता बदलला तर पक्षात माझी जागा राहील का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या सातारच्या, आता पश्चिम सिडनीत राहतात. वय 47, स्वतःची छोटी फार्मसी. अकरा वर्षांपूर्वी भारतीय पासपोर्ट परत करून ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं. सहा वर्षं लिबरल पक्षाच्या, म्हणजे तिथल्या उजवीकडे झुकणाऱ्या विरोधी पक्षाच्या, स्थानिक ब्रँचच्या सदस्य आहेत. मे 2025 च्या निवडणुकीत दिवसभर शाळेच्या गेटाशी उभं राहून त्यांनी पक्षाची कार्डं वाटली, म्हणजे मतपत्रिकेवर कुणाला कितवा क्रमांक द्यावा ते सांगणारी पत्रकं. पक्षाचा दारुण पराभव झाला आणि सुझन ली नेत्या झाल्या. सप्टेंबरात त्याच पक्षाच्या सिनेटर जसिंटा नम्पिजिनपा प्राइस म्हणाल्या की भारतीय लेबर पक्षाला मतं देतात म्हणून सरकार त्यांना आणतंय. ते बाईंच्या जिव्हारी लागलं. आता, नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस, ब्रँचमधले जुने सहकारी एका निवेदनावर सही मागत आहेत: ली यांना हटवा, खासदार अँगस टेलर किंवा अँड्र्यू हेस्टी यांना आणा, कणखर माणसाशिवाय मतदार परत येणार नाहीत. वीस वर्षांची मुलगी विचारते, "आई, ज्यांना तू नको आहेस त्यांची कार्डं तू का वाटतेस?" नवरा म्हणतो, आपण बरं नि आपलं दुकान बरं. बाईंचे प्रश्न तीन: सही करू का? ऑस्ट्रेलियन मतदाराला कोणता नेता पटेल? आणि मी या पक्षात राहू का?

*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सहीचा प्रश्न मोठा वाटला. दुसऱ्या वेळी एका साध्या ओळीशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "उरलेली कार्डं त्या रात्री डिकीत टाकली, ती अजून तिथंच आहेत." सहा महिने होऊन गेले. रोज दुकानाचा माल त्याच डिकीतून येतो-जातो आणि तो गठ्ठा तुम्ही ना टाकून दिलात, ना घरात आणलात. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या गठ्ठ्यापाशी आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी सहीचं बघू.

लिबरल पक्षाचा नेता ब्रँचचे सदस्य निवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तरी ते मनाशी नीट धरून ठेवा. पक्षाचे खासदार आणि सिनेटर कॅनबेरात एका खोलीत बसतात आणि गुप्त मतदान करतात. 13 मे रोजी तिथं ली यांना 29 मतं पडली, टेलर यांना 25. दोन माणसं इकडची तिकडे झाली असती तर बरोबरी होती. सत्तेवरच्या लेबर पक्षात 2013 पासून निम्मं वजन सदस्यांच्या मताला आहे. तुमच्याकडे तसं काही नाही. म्हणजे निवेदनावरची तुमची सही हे मत नव्हे. उद्या कुणीतरी खासदार तो कागद दाखवून म्हणेल, "बघा, ब्रँचमधून दबाव आहे," आणि त्या दबावात तुमचं नाव असेल. एका मराठी बाईचं नाव त्या यादीत असणं त्यांना उपयोगाचं आहे, हेही लक्षात घ्या. त्या कागदातलं प्रत्येक वाक्य तुम्ही स्वतः बोलला असता का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं. ते रागातून आलंय, पण पोकळ नाही, म्हणून मनापासून तपासून पाहू.

नेता बदलला की मतदार येतात, हे कधीकधी खरं ठरलंय. 3 फेब्रुवारी 1983 ला लेबरने बिल हेडन यांना बाजूला करून बॉब हॉक यांना आणलं आणि त्याच दिवशी लिबरल पंतप्रधान फ्रेझर यांनी निवडणूक जाहीर केली. महिन्याभरात हॉक पंतप्रधान झाले. पण हेडन तेव्हा काय म्हणाले होते? देशाची अवस्थाच अशी आहे की गुरं हाकणाऱ्याचा कुत्रासुद्धा लेबरला जिंकून देईल. बोलण्यात दुखावलेपण होतं आणि तथ्यही. दुष्काळ, मंदी, बेकारी यांनी लोक सत्तेला विटलेले होते. डिसेंबर 2006 मध्ये केव्हिन रड यांनी लेबरचे तेव्हाचे नेते बीझली यांना 49 विरुद्ध 39 मतांनी हरवलं आणि पुढच्या वर्षी ते जिंकले, तेव्हाही लिबरल पक्षाच्या हॉवर्ड सरकारला अकरा वर्षं झाली होती आणि 'वर्क चॉइसेस' या कामगार कायद्यावरून घराघरांत नाराजी होती. नव्या चेहऱ्याने दार ढकललं खरं, पण ते आधीच उघडं होतं.

दार बंद असताना नेते बदलून काय होतं तेही याच पक्षाने पाहिलंय. 2007 च्या पराभवानंतर आधी ब्रेंडन नेल्सन आले. दहा महिन्यांत ते गेले, माल्कम टर्नबुल आले. 1 डिसेंबर 2009 ला एका मताने, 42 विरुद्ध 41, टोनी अॅबट आले. दोन वर्षांत तीन नेते. 1972 पासून या देशात सात वेळा सरकार पडलं आहे. त्यानंतर विरोधी बाकांवर पहिला नेता म्हणून जो बसला, तो एकदाही पुढची निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला नाही. स्नेडन, व्हिटलॅम, पीकॉक, बीझली, नेल्सन, शॉर्टन आणि आता, मे 2025 मध्ये हरलेले लिबरल नेते डटन. डटन यांनी तर स्वतःची डिकसनची जागाही गमावली. विरोधी पक्षनेत्यावर ही वेळ केंद्रात पहिल्यांदाच आली. ली या यादीत नाहीत, त्या पराभवानंतरच्या पराभवात आल्यात. 2019 मध्ये लेबरचे अल्बनीजी आले ते असेच, शॉर्टन यांच्या दोन पराभवांनंतर. तीन वर्षं पक्षाने त्यांना हलवलं नाही. आणि हे अल्बनीजी 2013 मध्ये नेतेपदाची निवडणूक हरले होते. सदस्यांनी त्यांना साठ टक्के मतं दिली होती, पण खासदारांनी शॉर्टन निवडले. तेव्हा कुणाला वाटलं असेल का, की हा माणूस पुढे दोनदा देश जिंकेल?

"बाईच्या हातात पक्ष दिला की हरणारच," असं तुमच्या सहकाऱ्यांपैकी एकजण म्हणाले म्हणून तुम्ही लिहिलंय, आणि पुढे कंसात, "मी तिथंच बसले होते." या वाक्याचा मला राग आला. हे खोटं का आहे तेही सांगते. पक्ष मोडकळीला आला की बाईला पुढे करायचं आणि हरल्यावर बोट दाखवायचं, हे इथं बऱ्याचदा झालंय. 1990 साली व्हिक्टोरियात जोन कर्नर आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कार्मेन लॉरेन्स, 2009 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये क्रिस्टिना केनेली. तिघी लेबरच्या, तिघींच्या हातात बुडती बोट आली आणि तिघी पुढची निवडणूक हरल्या. पण तुमच्याच राज्यात, तुमच्याच पक्षाच्या ग्लॅडिस बेरेजिक्लियन मार्च 2019 मध्ये जिंकल्या. आर्मेनियन स्थलांतरितांची ही मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत इंग्रजी बोलत नव्हती. पश्चिम सिडनीतल्या मतदारांना तेव्हा काही खटकलं नाही. आणि याच महिन्यात एका आठवड्यात लिबरल पक्षाने व्हिक्टोरियात जेस विल्सन आणि न्यू साउथ वेल्समध्ये केली स्लोन यांना नेतेपद दिलं. म्हणजे राज्यातल्या आमदारांना जे पटलं ते तुमच्या ब्रँचमध्ये अजून पोचलेलं नाही.

बायकांची मतं लिबरल पक्षाकडून का गेली, याचं उत्तर नेत्याच्या नावात शोधू नका. एप्रिलमध्ये डटन यांना सरकारी कर्मचाऱ्यांचं घरून काम बंद करण्याची घोषणा मागे घ्यावी लागली. ती केली तेव्हाच तुमच्या दुकानातल्या दोन्ही मदतनीस मुली काय म्हणाल्या, ते तुम्हीच लिहिलंय. लेबरने 1994 पासून महिला उमेदवारांचा कोटा ठेवला आणि आज संसदेत त्यांच्या बाकांवर निम्म्याहून जास्त बायका आहेत. लिबरल पक्षाने कोटा नाकारला. यंदा जूनमध्ये तर पक्षाच्या न्यू साउथ वेल्स शाखेचा कारभार पाहणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी बायका आता पुरेशा आग्रही आहेत, कदाचित पुरुषांसाठीच जागा राखाव्या लागतील, अशा अर्थाचं बोलून दाखवलं.

ली यांची बाजू घेते आहे असं वाटेल. तशी मी फार घेत नाही. जूनमध्ये त्या पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या आणि आपला धुव्वा उडाला हे त्यांनी सरळ मान्य केलं. बायकांना उमेदवारी मिळवून देण्याबद्दल ठाम बोलल्या. ते मला आवडलं. पण 13 नोव्हेंबरला पक्षाने 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, म्हणजे नेट झीरोचं, उद्दिष्ट सोडलं, आणि ते नेत्याने पटवून दिलं नव्हतं, सहकाऱ्यांनी नेत्याकडून काढून घेतलं होतं. अकरा दिवस आधी लिबरलांच्या युतीतल्या नॅशनल पक्षाने तेच केलं होतं, मागोमाग लिबरल गेले. खुर्ची टिकवायला नेता आपली भूमिका एकेक करून देऊ लागला, की शेवटी खुर्चीही राहत नाही. म्हणून ली टिकतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांना काढलं की मतदार येतील, हे मात्र मला पटत नाही.

आता 'कणखर माणूस'. हा मुद्दा सोपा नाही. टोनी अॅबट निवडून येण्यासारखे नाहीत असं सगळे म्हणत होते, आणि 2013 मध्ये कार्बन कराविरुद्ध रान उठवून ते दणदणीत जिंकले. तेव्हा लेबरचे पंतप्रधान झालेल्या रड आणि गिलार्ड यांच्या भांडणाने लेबर आतून पोखरलं होतं, हे खरं. पण अॅबट यांच्या आक्रमकपणाचा वाटा नव्हता असं म्हणणं अप्रामाणिक होईल. दोन वर्षांत त्यांच्याच खासदारांनी त्यांना हटवलं आणि 2019 मध्ये सिडनीच्या उत्तरेची वॉरिंगाची आपली घरची जागा ते एका अपक्ष महिलेकडून हरले. तो पराभव 'कणखर' म्हणणाऱ्यांच्या आठवणीत फारसा राहत नाही. 2022 मध्ये त्याच वाटेने सिडनी, मेलबर्न, पर्थमधल्या आणखी सहा जुन्या लिबरल जागा अपक्ष बायकांनी घेतल्या.

इथल्या मतदानाची रीत भारतापेक्षा वेगळी आहे आणि सगळं गणित तिच्यात आहे. भारतात कार्यकर्ता पेटला तर तो माणसांना घराबाहेर काढतो. इथं 1924 पासून मतदान सक्तीचं आहे. न आल्यास वीस डॉलर दंड, म्हणून जवळपास सगळेच येतात. चिडलेला समर्थक चिडून आला काय, जांभया देत आला काय, मत एकच. निकाल ठरतो तो शाळेच्या आवारात कांदा घातलेलं सॉसेज खात रांगेत उभ्या असलेल्या, राजकारणाचा कंटाळा आलेल्या आणि घराच्या हप्त्याचा विचार करणाऱ्या माणसावर. त्यालाही एकाच नावापुढे खूण करून चालत नाही. सगळ्यांना क्रमांक द्यावे लागतात. 1998 मध्ये क्वीन्सलंडच्या ब्लेअर मतदारसंघात पहिल्या पसंतीची सर्वांत जास्त मतं स्थलांतराला विरोध करणाऱ्या वन नेशन पक्षाच्या पॉलीन हॅन्सन यांना होती, सुमारे 36 टक्के. तरी त्या हरल्या, कारण बाकीच्या बहुतेकांनी त्यांना तळाला टाकलं होतं. इथं नुसतं आवडून घेणं पुरत नाही. ज्यांना तुम्ही आवडत नाही, त्यांनाही फार नकोसं होऊन चालत नाही.

यंदाचे आकडे त्याच भाषेत वाचा. लिबरल-नॅशनल युतीला 150 पैकी 43 जागा, लेबरला 94. सिडनीच्या उत्तर भागातली ब्रॅडफिल्डची जागा लिबरल पक्षाने 26 मतांनी गमावली. सव्वीस! आपल्याकडच्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेला याहून जास्त माणसं येतात. मेलबर्नची गोल्डस्टीनची जागा 175 मतांनी परत मिळवली. या जागांवरचा माणूस अजून मोठ्याने बोललं म्हणून परत येणार नाही. दुसरीकडे तुमच्या सहकाऱ्यांना वन नेशनकडे जाणारी मतं दिसतात आणि घाबरायला होतं. तेही खरं दुखणं आहे. पण त्यातली बरीच मतं दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीने युतीकडे परत वळतात. ब्रॅडफिल्ड आणि मेलबर्नच्या कूयाँगची मतं अपक्षांकडे गेली ती तशी वळलेली नाहीत. माझ्या मते दोन्ही बाजू एकदम पकडणारा नेता आज त्या पक्षात नाही, आणि शोधायचा असेल तर पक्षाने आधी ठरवायला हवं की आपल्याला नक्की कोणाशी बोलायचंय.

आता डिकीतल्या गठ्ठ्याकडे येऊ.

तुम्ही या पक्षात का आलात ते तुम्हीच लिहिलंय: दुकान चालवणारी, पगार देणारी, कुणापुढे हात न पसरणारी माणसं इथं आपली वाटली. 2023 मध्ये सरकारने साठ दिवसांची औषधं एकदम द्यायचा नियम आणला, तेव्हा छोट्या फार्मसीचं दुखणं तुम्हाला याच लोकांनी विचारलं. मेंझीस यांनी 1944 मध्ये पक्ष उभा केला तो अशाच लोकांसाठी. त्याआधी 1942 च्या आपल्या रेडिओ भाषणात त्यांनी ज्यांना 'विसरलेली माणसं' म्हटलं ते दुकानदार, पगारदार, शिकलेले नोकरदार होते. त्या वर्णनात तुम्ही तंतोतंत बसता. म्हणूनच सप्टेंबर इतका लागला. परक्याने म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून सोडून दिलं असतं.

मी 1995 मध्ये मेलबर्नला आले. पुढच्याच वर्षी हॅन्सन यांचं ते संसदेतलं भाषण झालं, देश आशियाई लोकांनी भरून जातोय म्हणून. दुसऱ्या दिवशी ट्रॅममध्ये शेजारच्या सीटवर एक व्हिएतनामी आजी होत्या. समोरचा माणूस वर्तमानपत्र त्यांच्या दिशेने हलवत काहीतरी पुटपुटला. त्यांनी पिशवी पायाशी ओढून घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी गप्प बसले. मनात आलं, हे आपल्याबद्दल नाहीये. आज ते आठवलं की लाज वाटते. यंदा 31 ऑगस्टच्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या पत्रकांवर सरळ भारतीयांचं नाव होतं. तीनच दिवसांनी सिनेटर प्राइस म्हणाल्या की भारतीय लेबरला मतं देतात, म्हणून सरकार त्यांना आणतंय. आणि तुम्ही? मे महिन्यात गेटाशी उभ्या होतात, निळा टी-शर्ट घालून.

म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, ती तुमच्या ब्रँचमध्येही सांगा. ऑगस्ट 1988. विरोधी पक्षनेते जॉन हॉवर्ड म्हणाले की आशियातून येणाऱ्यांचं प्रमाण कमी केलेलं बरं. हॉक यांनी संसदेत ठराव आणला: स्थलांतरात वंश हा निकष असणार नाही. लिबरल पक्षाचे तीन खासदार स्वतःच्या नेत्याविरुद्ध उठून सरकारच्या बाजूला जाऊन बसले. इयन मॅकफी, स्टील हॉल आणि फिलिप रडॉक. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांचं नेतेपद गेलं, त्याला इतरही कारणं होती. 1995 मध्ये ते परत आले तेव्हा 1988 चं ते बोलणं चूक होतं असं त्यांनी मान्य केलं. मग 1996 मध्ये ते जिंकले आणि अकरा वर्षं राहिले. रडॉक त्यांच्या सरकारात इमिग्रेशन मंत्री झाले. ते पुढे बोटीने येणाऱ्यांशी ज्या कठोरपणे वागले ते मला पटलेलं नाही, पण 1988 चा त्यांचा तो दिवस मी विसरत नाही. 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण सैल करायला 1966 मध्ये सुरुवात केली तीही लिबरल पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट यांनीच. म्हणजे या घराला तुमच्यासाठी दार आहे, आणि ते आतल्याच लोकांनी उघडलंय. कुणी आतून बोललं नाही, तर ते बंदही होतं.

हाच चष्मा लावून आजची नावं बघा. प्राइस यांनी माफी मागितली नाही आणि नेत्याला पाठिंबा द्यायचंही टाळलं, तेव्हा त्यांना विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून कुणी काढलं? ली यांनी. भारतीय ऑस्ट्रेलियनांची माफी कुणी मागितली? ली यांनीच, आठवडाभर उशिरा, पण मागितली. हेस्टी यांनी सप्टेंबरात लिहिलं की आम्हाला स्वतःच्याच घरात परक्यासारखं वाटू लागलंय, आणि ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनच्या मुद्द्यावरून ते छाया मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दरवर्षी किती माणसं आणायची यावर वाद व्हायलाच हवा. तुमच्याकडच्या मुलीला भाड्याने घर मिळत नाही म्हणून ती दीड तास प्रवास करून येते, हे तुम्हीच लिहिलंय. आकड्याबद्दल बोलणारा नेता मला चालतो. माणसांची जात-देश काढून बोलणारा चालत नाही. कुणाचंही भाषण ऐकताना हा एक फरक कानात ठेवा, मग तो टेलर असो, हेस्टी असो की आणखी कुणी.

अजून एक गोष्ट, जरा हळूच सांगते. पत्रात चार ठिकाणी तुम्ही 'आपल्या समाजाची मतं' म्हटलंय. भारतात जन्मलेले नऊ लाखांवर लोक आज इथं आहेत. त्यांतले कितीतरी अजून नागरिक नाहीत, त्यांना मतच नाही. आणि ज्यांना आहे त्यांत ट्रकवाले आहेत, नर्सेस आहेत, बँकेत काम करणारे आहेत, तुमची लेक आहे. ही सगळी मतं एका पेटीत पडतात हीच तर प्राइस यांची समजूत होती. ब्रँचमध्ये बोलताना समाजाच्या वतीने बोलू नका. आठ माणसांना पगार देणारी फार्मासिस्ट म्हणून बोला. ते खोडून काढणं त्यांना अवघड जाईल.

तर, सही करू नका. नुसतं नाही म्हणून गप्पही बसू नका. तुमच्या मतदारसंघात लिबरल खासदार नाही, पण सिनेटर सगळ्या राज्याचे असतात आणि त्या खोलीत त्यांचं मत खासदाराइतकंच चालतं. न्यू साउथ वेल्सचे डेव्ह शर्मा आहेत, भारतीय वंशाच्या वडिलांचे चिरंजीव. मारिया कोवासिक आहेत, 2022 मध्ये पॅरामॅट्टातून लढलेल्या, त्यांना तुमच्या भागातले रस्ते पाठ असतील. एक पानाचं पत्र लिहा. नेता कुणीही होवो, भारतीयांबद्दल ते विधान चूक होतं असं तो पहिल्याच आठवड्यात बोलणार का? पश्चिम सिडनीत उमेदवार कधी ठरवणार, निवडणुकीच्या तोंडावर की वर्षभर आधी? बस्स, हे दोनच प्रश्न. तिसरा घातलात की दोन्हींची उत्तरं टाळायला जागा मिळते.

ब्रँचमध्ये मात्र वेगळं काम आहे. केंद्राची निवडणूक 2028 पर्यंत आहे, पण राज्याची मार्च 2027 मध्ये. नेता निवडण्यात तुम्हाला मत नाही, उमेदवार निवडण्यात आहे. तिथं कोण उभं राहतंय ते बघा, आणि कुणीच नीट उभं राहत नसेल तर चांगल्या माणसाला आत्तापासून तयार करा. कदाचित तो माणूस तुम्हीच असाल. 2024 च्या ऑगस्टमध्ये याच राज्यातल्या पक्षाने कौन्सिल निवडणुकीचे अर्ज वेळेत भरले नाहीत आणि सव्वाशेहून जास्त उमेदवार लढायच्या आधीच बाद झाले. रोज प्रिस्क्रिप्शनचा एकेक आकडा तपासणाऱ्या बाईची अशा पक्षाला गरज आहे.

आणि एक संध्याकाळ काढून डिकीतलं एक कार्ड बाहेर काढा. दिव्याखाली नीट वाचा. तुमच्या पक्षाने यंदा बऱ्याच मतदारसंघांत दुसरा क्रमांक वन नेशनला द्या असं छापलं होतं. तुमच्या कार्डावर काय होतं? ते असेल तर ब्रँचच्या पुढच्या बैठकीत ते टेबलावर ठेवा आणि सांगा, पुढच्या वेळी हे असं छापलं तर मी गेटाशी उभी राहणार नाही. हट्ट म्हणून नाही, अट म्हणून. सदस्यत्वाचं नूतनीकरण येईल तेव्हा या अटीचं काय झालं ते बघा. काहीच झालं नसेल तर सोडा, आणि सोडताना कारण लेखी द्या. तोवर राहा. ज्या आईवडिलांनी, दीर-जावांनी मला असेच प्रश्न इतर पक्षांबद्दल विचारलेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: राहायचं तर अटीवर राहा, जायचं तर कारण सांगून जा. मतपत्रिका गुप्त आहे, पक्षाचं कार्ड हातात असलं तरी तुमचा क्रम तुमचाच.

नवऱ्याला इतकंच सांगा की दुकान बरं चालायलाही कुणीतरी कॅनबेरात दुकानाची बाजू मांडावी लागते. लेकीला मात्र वाद घालून पटवू नका. तिने यंदा पहिल्यांदा मत दिलं, कुणाला दिलं ते विचारू नका. ती जे विचारतेय ते खरंतर तुमच्या काळजीपोटी विचारतेय. सिनेटरांना लिहायचं पत्र आधी मराठीत लिहून काढा, म्हणजे जे म्हणायचंय ते पूर्ण येईल. मग इंग्रजी करायला तिलाच बसवा. तिला तुमचं काही पटणार नाही, काही ती खोडेल. शनिवारी दुकान बंद झाल्यावर बसा दोघी.